पुट्टीखालचा जंग

मननासाठी शास्त्रभाग : यहेज्केल १३:१०-१६, २ राजे १२:४-१५, मत्तय ६:१९-२१



रविवारची उपासना सुटली की मला एकच प्रश्न विचारला जायचा, "भाऊ, तुमची जीप कुठं गेली?" ख्रिसमसच्या सकाळी ती चर्चच्या आवारात हार घालून उभी होती. लेकरांनी तिच्यावर चढून फोटो काढले होते. मग लेंट सुरू झाला आणि जीप दिसेनाशी झाली. कोणी म्हणालं विकली, कोणी म्हणालं इंजिन बसलं. मी "मिस्त्रीकडे आहे" एवढंच सांगून पुढे जायचो.

आज सगळं सांगतो. जीपची गोष्ट सांगायची तर माझीही सांगावी लागते. चर्च कमिटीला आणि मंडळीला ती मी तोंडी सांगितली आहे. पाळकसाहेब म्हणाले, "आता लिहूनही काढा, कोणाच्या तरी कामी येईल." म्हणून हे लेखन.

मी ही जीप घेतली ती गेल्या पोळ्यानंतर. पांढुर्ण्यात गोटमार आटोपली होती, जाम नदीचं पाणी उतरत होतं. सौसरकडे एका संत्र्याच्या बागेत कामानिमित्त गेलो होतो. तिथं गोठ्यामागे, कडब्याच्या पेंढ्यांना टेकून एक जुनी महिंद्रा जीप उभी होती. उंच बॉनेट, सपाट मडगार्ड, काच पुढे आडवी पडणारी. चाकांत हवा नव्हती आणि सीटवर कोंबड्या बसल्या होत्या. पण अंगावर हिरवा रंग चांगला तकतकीत होता. मालक म्हणाले, "दोन वर्षांआधीच रंगवली. बॉडी एकदम टणक आहे."

मला खरं तर तिथंच विचारायला हवं होतं, की जी गाडी चालतच नाही तिला रंग कशासाठी दिला? पण माझं मन त्या वेळी पन्नास वर्षं मागे गेलं होतं.

आमच्या वयाच्या माणसांना जीप म्हटलं की मिशन आठवतं. छिंदवाडा आणि बैतूल भागात स्वीडिश ल्युथरन मिशनने जे काम केलं, त्याची फळं आपण आजही खातो. पाढरचं हॉस्पिटल १९५८ साली सुरू झालं. मी लहान असताना आमच्या आजीला एका रात्री कोणाच्या तरी जीपमध्ये घालून मुलताई, बैतूल करत पाढरला नेलं होतं. पावसाळ्याचे दिवस होते. आमच्या काळ्या मातीत बैलगाडीचं चाक रुततं तिथून ती जीप चिखल उडवत निघून गेली. आजी बरी होऊन आली. माझ्या डोक्यात तेव्हापासून एक चित्र बसलं, की देव मदतीला येतो तेव्हा जीपमध्ये बसून येतो.

या गाडीचा इतिहासही तसाच आहे. १९४० साली अमेरिकेच्या सैन्याला कुठल्याही रस्त्याने जाणारी हलकी गाडी हवी होती, त्यातून जीप जन्मली. लढाई संपल्यावर तीच गाडी शेतात, जंगलात, दवाखान्यात कामाला लागली. आपल्याकडे महिंद्राने १९४९ साली मुंबईत माझगावला विलिस जीप जोडायला सुरुवात केली. पुढे इथेच बनू लागलेली सीजे-३बी म्हणजे आपण ज्याला "जुनी महिंद्रा" म्हणतो ती. तिचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन उंच होतं, ते बसावं म्हणून बॉनेट उंच केलं. नंतर पेट्रोल परवडेना, तेव्हा खेड्यापाड्यांतल्या कित्येक जीपांमध्ये लोकांनी डिझेल इंजिनं बसवून घेतली. माझ्या या जीपचंही तसंच झालेलं होतं. आरसी बुकात इंधन पेट्रोल, आणि बॉनेट उघडलं तर डिझेल इंजिन. कागदावर एक आणि आत दुसरंच. तेव्हा मी याला हसलो होतो.

पंच्याऐंशी हजारांत सौदा झाला. हे पैसे माझ्या स्वतःच्या बचतीतले होते आणि घरी विचारून घेतले होते. घरच्यांना मी सांगितलं तेच कमिटीलाही सांगितलं. आपल्या मंडळीतली म्हातारी माणसं पांढुर्णा आणि सौसरच्या मधल्या वाड्यावस्त्यांवर राहतात, रविवारी वेळेवर बस मिळत नाही, पावसाळ्यात तर कित्येकांना महिनोन्‌महिने प्रभुभोजनही मिळत नाही. ही जीप नीट झाली की त्यांना आणायला, पोचवायला कामी येईल. यात खोटं काही नव्हतं. फक्त एक गोष्ट मी बोललो नाही, की मला त्या जीपमध्ये बसलेलं लोकांनी पाहावंसं वाटत होतं.

ट्रॅक्टरला मागे बांधून जीप पांढुर्ण्याला आणली. आमचे मिस्त्री वयाने माझ्यापेक्षा मोठे. त्यांनी रंगाकडे पाहिलंही नाही. एक छोटी हातोडी घेतली आणि गाडीभोवती फिरत जागोजागी टकटक करत गेले. बॉनेटवर ठण्ण आवाज आला. मडगार्डवर ठण्ण. ड्रायव्हरच्या पायाखाली आवाज आला भद्द. मागच्या कोपऱ्यात भद्द. ते म्हणाले, "भाऊ, डोळ्यानं पाहून नका घेत जाऊ. लोखंड कानानं पाहा लागते."

मग त्यांनी स्क्रू ड्रायव्हर त्या हिरव्या रंगावर ठेवला आणि नुसता दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला. वरून रंग, त्याखाली बोटभर पुट्टी, आणि पुट्टीखाली काहीच नाही. पत्रा होता तिथं तपकिरी भुगा झाला होता. आतून जुन्या वर्तमानपत्राचा बोळा निघाला. कोणी तरी भोकात कागद कोंबून वरून पुट्टी फिरवली होती आणि पॉलिश पेपरने घासून अशी गुळगुळीत केली होती, की हात फिरवला तरी कळू नये.

जंगाचं काम कसं चालतं ते मिस्त्रींनी मला त्या दिवशी समजावलं. लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आले की जंग लागतो. ॲल्युमिनियमलाही हवा लागते, पण त्याच्यावर जो थर बसतो तो घट्ट चिकटतो आणि आतल्या धातूला राखतो. लोखंडाचं तसं नाही. जंग फुगतो, त्याचे पापुद्रे सुटतात, त्या फटींतून पाणी आणखी आत जातं आणि नवं लोखंड धरतं. म्हणून तो थांबत नाही. पुट्टी तर पाणी शोषून घेते. वरून माणसाला वाटतं झाकलं, पण खाली ओल कोंडली जाते आणि उघड्यावर जेवढं सडलं असतं त्याच्यापेक्षा जास्त सडतं. जीपच्या फ्लोअरखाली ज्या पन्हळी पट्ट्या असतात त्यांत चिखल साचतो, तिथून सुरुवात होते. मागे पाटे जिथं चासीला धरतात तिथं सगळ्यात वाईट, कारण गाडीचा भार त्याच जागेवर असतो.

"इलाज काय?" मी विचारलं.

"कापायचं. चांगलं लोखंड लागेपर्यंत कापायचं. मंग नवा पत्रा वेल्ड करायचा, रेडऑक्साइड मारायचं, मंग रंग."

"किती खर्च?"

त्यांनी साठ हजार सांगितले. प्रभू येशूने बुरूज बांधणाऱ्याचा दाखला दिला आहे, जो आधी बसून खर्चाचा हिशेब करतो (लूक १४). तो दाखला मी संडे स्कूलमध्ये दहा वेळा शिकवला असेल. पण मी स्वतः बसून हिशेब केला नाही. लगेच "चालू करा" म्हणालो.

ऑक्टोबरात जीप पूर्ण उघडली. बॉडी चासीवरून उचलून बाजूला ठेवली, तेव्हा मागचा आडवा मेंबर हातात आला. नोव्हेंबरच्या शेवटी साठ हजार संपले आणि काम अर्धंच झालं होतं. चासीचं वेल्डिंग, पत्रा आणि मजुरी मिळून चौदा हजार लगेच द्यायचे होते. मिस्त्रींचे पोरं मजुरीवर होती, त्यांना थांबवता येत नव्हतं. आणि मी सगळ्यांना सांगून बसलो होतो, की ख्रिसमसला जीप चर्चसमोर उभी राहील.

आता जे सांगायचं ते इथून सुरू होतं.

मी आपल्या मंडळीचा खजिनदार होतो, अकरा वर्षं. त्या नोव्हेंबरात उपकारस्तुतीच्या सणाला आपण नेहमीसारखा लिलाव केला. कोणी कोहळे आणले, कोणी संत्र्याची टोपली, कोणी तुरीच्या शेंगा. एका आजीने आपली अंडी देणारी कोंबडी आणली. ती साडेचारशेला गेली आणि ज्याने घेतली त्याने ती परत आजीलाच दिली, तेव्हा सगळे हसले होते, आठवत असेल. सगळे मिळून बावीस हजार चारशे जमले. ते चर्चच्या मागच्या स्वयंपाकाच्या शेडचे पत्रे बदलायला ठेवले होते. जुन्या पत्र्यांना जंगाने भोकं पडली होती.

ते पैसे माझ्या घरी कपाटात पाकिटात होते. बँकेत टाकायचे राहून गेले होते. त्यातले चौदा हजार मी काढले. काढताना स्वतःला म्हणालो, पगार झाला की ठेवून देऊ. जीप तरी कोणासाठी आहे? देवाच्याच कामासाठी आहे. देवाच्या एका खिशातून देवाच्याच दुसऱ्या खिशात.

पुढच्या आठवड्यात कमिटीच्या सभेत विषय निघाला, पत्रे ख्रिसमसआधी घेऊन टाकू. मी म्हणालो, "सध्या पत्र्याचा भाव चढला आहे. जानेवारीत उतरेल, तेव्हा घेऊ." मी भाव विचारलासुद्धा नव्हता. सगळ्यांनी मान हलवली, कारण खजिनदार बोलत होता. बंधुभगिनींनो, त्या चौदा हजारांपेक्षा हे वाक्य मला जास्त जड गेलं. पैसे मी काढले होते घाबरून, आणि हे मात्र शांतपणे, चहाचा कप हातात धरून बोललो.

डिसेंबरचा पगार ख्रिसमसच्या खर्चात गेला. इकडे जीपचा शेवटचा एक भाग राहिला होता, ड्रायव्हरच्या पायाखालचा डावा कोपरा. मिस्त्री म्हणाले, "हे पण कापू, चार दिवस लागतील." चार दिवस नव्हते आणि पैसेही नव्हते. मी म्हणालो, "एवढ्यापुरतं पुट्टी भरून द्या." ते माझ्याकडे पाहत राहिले. "भाऊ, तुम्हीच तं त्या मालकाले शिव्या देत होते." मी म्हणालो, "ख्रिसमस होऊ द्या, मग पाहू." त्यांनी पुट्टी भरून दिली. गुळगुळीत केली. वरून रंग मारला.

आणि ख्रिसमसच्या सकाळी जीप आवारात उभी राहिली. तुम्ही सगळ्यांनी माझं कौतुक केलं.

दुसऱ्या दिवशी प्रीतिभोजनाला काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. भर थंडीत अवकाळी पाऊस आला. शेडचे पत्रे गळायला लागले. भाताच्या गंजात तपकिरी पाणी पडलं आणि तो अख्खा गंज ओतून द्यावा लागला. बाया डोक्यावर ताडपत्री धरून उभ्या राहिल्या, खाली दोघी-तिघी पोळ्या लाटत होत्या. पाऊस येतोय पाहून मी धावत गेलो, ते जीपवर कव्हर टाकायला.

यहेज्केलाच्या १३व्या अध्यायात देव खोट्या संदेष्ट्यांविषयी बोलतो. लोक कच्ची भिंत बांधतात आणि हे संदेष्टे तिला वरून चुना फासतात. सगळं ठीक नसताना सगळं ठीक आहे म्हणून सांगतात. मग देव म्हणतो, पाऊस येईल, गारा येतील, वारा सुटेल आणि ती भिंत पडेल. त्या अध्यायावर मी पूर्वी बोललोही आहे, आणि दर वेळी ते खोटे संदेष्टे मला दुसरेच कोणी तरी वाटले. भिंतीला चुना फासणारा माणूस वाईटच असतो असं नाही. तो घाईत असतो. त्याला सण साजरा करायचा असतो. पाऊस आज येणार नाही असं त्याला वाटत असतं.

जानेवारीच्या पगारातून मी चौदा हजार पाकिटात परत ठेवले. पत्रे आले, शेड झाली. हिशेब पैशाला पैसा जुळला. कोणालाच काही कळलं नाही. मला वाटलं, संपलं.

पण दाविदाने ३२व्या स्तोत्रात जे सांगितलं आहे ते खरं आहे. तो गप्प राहिला तेव्हा त्याची हाडं झिजली आणि रात्रंदिवस देवाचा हात त्याच्यावर जड झाला. मला अर्पणाची पिशवी हातात घेतली की पोटात ढवळायचं. त्या आजी समोर आल्या की मी दुसरीकडे पाहायचो. प्रार्थनेत मी मंडळीसाठी, आजाऱ्यांसाठी, देशासाठी मागायचो, पण स्वतःपाशी येऊन थांबायचो.

फेब्रुवारीत एक दिवस जीप धुताना ड्रायव्हरच्या पायाखाली रंगावर फोड आलेला दिसला. रुपयाएवढा. नखाने टोकरलं तर खपली निघाली आणि खालून तपकिरी पाणी आलं. दोन महिनेही पूर्ण झाले नव्हते. त्या एका अवकाळी पावसाने काम केलं होतं. मी तिथंच, ओल्या फरशीवर, बराच वेळ बसून राहिलो.

त्या संध्याकाळी मी पत्नीला सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं आणि ती रागावलीच. पण पैशावरून नाही. ती म्हणाली, "मी ताडपत्री धरून उभी होती. माझ्याजवळ सात महिन्यांची पोटुशी पोरगी पोळ्या लाटत होती. तुम्हाला माहीत होतं शेड का झाली नाही, आणि तुम्ही आमच्यासमोर बसून जेवले." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तोपर्यंत मी माझ्या पापाचा हिशेब रुपयांत करत होतो. तिने तो माणसांत करून दाखवला.

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेबांकडे गेलो. ते ऐकत राहिले. मी म्हणालो, "पैसे तर परत ठेवले आहेत." ते म्हणाले, "पैसे परत आले, चांगलं झालं. पण खोटं अजून तिथंच आहे. कमिटीत बोलला तिथंच जाऊन ते उचला." मी विचारलं, जक्कयासारखे चौपट देऊ का? ते म्हणाले, "जक्कय प्रभूला घरात घेतल्यावर बोलला. तुम्ही आधी दार उघडा. देण्याघेण्याचं मग पाहू. नाही तर तुम्ही पुन्हा पुट्टीच भराल, फक्त महाग."

कमिटीसमोर उभं राहणं किती अवघड होतं ते लिहून सांगता येणार नाही. एक भाऊ म्हणाले, "अहो, परत ठेवले ना, मग कशाला उकरता? लोकांना कळलं तर मंडळीचंच नाव जाईल." त्यांचा हेतू चांगला होता. दुसरे एक भाऊ काहीच न बोलता उठून गेले. माझ्याशी आजही ते पूर्वीसारखे बोलत नाहीत. त्यांचा हक्क आहे. क्षमा मिळते म्हणजे विश्वास त्याच दिवशी पहिल्यासारखा होतो असं नाही. वेल्ड केलेला जोड थंड व्हायला वेळ लागतो, त्यावर लगेच भार टाकू नये.

मी खजिनदारपद सोडलं. मंडळीने नियम केला, की अर्पण दोघांनी मिळून मोजायचं, दोघांनी सही करायची आणि सोमवारी बँकेत टाकायचं. यात नवीन काही नाही. २ राजे १२ वाचा. योवाश राजाच्या काळात मंदिराच्या दुरुस्तीचा पैसा याजकांकडे यायचा, पण २३व्या वर्षापर्यंत मंदिराची मोडतोड तशीच होती. मग यहोयादा याजकाने एक पेटी घेतली, तिच्या झाकणाला भोक पाडलं आणि ती वेदीजवळ ठेवली. पेटी भरली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघं मिळून पैसा मोजत आणि कारागिरांना देत. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या ८व्या अध्यायात पौलही वर्गणी एकट्याने नेत नाही. देवासमोरच नाही तर माणसांसमोरही सगळं चोख असावं, म्हणून सोबत भाऊ घेतो. पौलासारख्या प्रेषिताला जर सोबत साक्षीदार हवा होता, तर माझ्यासारख्याच्या कपाटात पाकीट ठेवायलाच नको होतं. ज्या मंडळ्यांत अजून एकाच माणसाच्या घरी पैसा राहतो त्यांनी हे कृपा करून मनावर घ्यावं. त्या माणसावर अविश्वास म्हणून नाही. त्या माणसावर प्रेम म्हणून.

सगळ्यात शेवटी मी त्या आजींकडे गेलो. त्या अंगणात तांदूळ निवडत होत्या. मी सगळं सांगितलं, कोंबडीच्या साडेचारशेसकट. त्या सूप खाली ठेवून म्हणाल्या, "कोंबडी माही होती, पैसा देवाचा. माह्याशी काय बोलतं बाप्पा, त्याच्याशी बोल." मी म्हणालो, बोललो आजी. त्या म्हणाल्या, "बोलला ना? मंग झालं. आता मले तुह्या गाडीत कवा बसवतं ते सांग."

मी म्हणालो, अजून नाही आजी. आधी कापायची आहे.

तर जीप या कारणाने दिसत नव्हती. मी ती परत मिस्त्रींकडे नेली आणि म्हणालो, चांगलं लोखंड लागेपर्यंत कापा. त्यांनी आधी टाकी काढून दूर नेऊन ठेवली, कारण या जीपची डिझेलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखालीच असते आणि तिथं आग चालवायची होती. मग ग्राइंडर लावला. सडलेल्या पत्र्यावर ग्राइंडर फिरतो तेव्हा नुसती तपकिरी धूळ उडते. चांगलं लोखंड लागलं की पांढऱ्या ठिणग्या उडतात. रुपयाएवढ्या फोडासाठी शेवटी हातभर पत्रा काढावा लागला. डिसेंबरात कापला असता तर वीतभर पुरला असता. मिस्त्री एवढंच म्हणाले, "उशीर केला तं जास्त जाते." मी मान हलवली.

ठिणग्या दिसल्या तेव्हा मला बरं वाटलं. एवढं मोठं भोक पडलं होतं, की खालची जमीन दिसत होती. तरी त्या तकतकीत हिरव्या रंगाकडे पाहून जे कधी वाटलं नव्हतं ते त्या भोकाकडे पाहून वाटलं. आता कुठं तरी जोड धरेल. १ योहान १:९ मध्ये पाप पदरी घेण्याविषयी जे लिहिलं आहे त्याचा अर्थ मला त्या शेडमध्ये, कानात ग्राइंडरचा आवाज असताना कळला. देव पापाला रंग देत नाही. तो धुतो. आणि धुवायचं तर आधी ते उघडं व्हावं लागतं. झाकायचं काम आपलं, उघडं झाल्यावर बरं करायचं काम त्याचं. आपण आपलं काम सोडलं की तो त्याचं सुरू करतो.

मत्तय ६:१९ मध्ये प्रभू येशू जंगाचा उल्लेख करतो, की पृथ्वीवरच्या संपत्तीला तो खाऊन टाकतो. मला वाटायचं ते फक्त सोन्यानाण्याबद्दल आहे. पण माझी खरी संपत्ती ना जीप होती, ना चौदा हजार. "भाऊ खूप चांगले आहेत" हे तुमच्या तोंडचं वाक्य माझी संपत्ती होती. ती मी साठवून ठेवली होती आणि तिलाच जंग लागला होता.

जे कोणी जुनी गाडी घ्यायला निघाले असतील त्यांना चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. रंगावर जाऊ नका, हातोडी घेऊन जा. चासीवर ठोकलेला नंबर आरसीशी जुळवून पाहा. इंजिन बदललेलं असेल तर आरटीओत नोंद करून घ्या. माझ्या जीपची नोंद आता पेट्रोलची डिझेल झाली आहे, कागद आणि गाडी एक बोलतात. २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना विंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, पण ती गाडी रोजच्या वापराला चालत नाही. म्हणून मंडळीच्या कामासाठी घ्यायची तर नेहमीची नोंदणी आणि फिटनेसच लागतो. आणि मिस्त्री जेवढा खर्च सांगेल त्याच्या दुप्पट हातात असेल तरच सुरुवात करा.

ईस्टरच्या पहाटे जीप पुन्हा निघाली. पायाखालचा नवा पत्रा अजून रंगवलेला नव्हता. नुसतं लाल रेडऑक्साइड मारलं होतं आणि वेल्डिंगची रेघ स्पष्ट दिसत होती. मी ती तशीच ठेवली आहे. अंधारात वाडीवर जाऊन आजींना घेतलं. त्या चढताना म्हणाल्या, "हे लाल काय हाय?" मी म्हणालो, जोड आहे आजी. त्यांनी पाय ठेवून, दाबून पाहिलं आणि बसल्या.

तुमच्यापैकी कोणाच्या मनात असं एखादं पाकीट असेल, परत ठेवलेलं, कोणालाच न कळलेलं, तर पुढचा पाऊस येईपर्यंत थांबू नका. पुट्टी किती गुळगुळीत झाली आहे ते पाहू नका. ज्याच्याशी बोलायचं आहे त्याच्याकडे याच आठवड्यात जा.

प्रार्थना : हे प्रभू, आम्ही जे झाकलं आहे ते तू पाहतोस. आमच्या मनावर तुझी हातोडी हळूच वाजव आणि जिथं आवाज पोकळ येतो ती जागा आम्हाला दाखव. कापताना आम्ही पळून जाऊ नये म्हणून आम्हाला धरून ठेव. ज्यांना आमच्यामुळे त्रास झाला त्यांच्यासमोर उभं राहायचं धैर्य दे. आणि जोडलेल्या जागेवर पुन्हा भार घेण्याजोगं आम्हाला कर. येशूच्या नावात मागतो. आमेन.